ट्रक, हप्ता आणि मद्रासची एक कंपनी

भारतातल्या मोटारींच्या इतिहासात १९५४ या वर्षी दोन गोष्टी एकमेकींना छेद देत घडल्या. मुंबईत शिवडीला १९२८ पासून सुट्या भागांतून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने त्या वर्षी गाशा गुंडाळला. नुसती जोडणी करायची असेल तर इथे जागा नाही, कारखाना काढून भाग बनवणार असाल तर राहा, असे सरकारी धोरण ठरल्याचा तो परिणाम होता. त्याच वर्षी तिकडे जमशेदपूरला टेल्कोने मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने बनवलेला ट्रक बाहेर काढला. म्हणजे आता देशी ट्रक मिळणार होता. तो विकत घेणाऱ्याकडे पैसे मात्र नव्हते. मद्रासमध्ये त्याच वर्षी दोन लाख रुपये भांडवलावर सुरू झालेल्या सुंदरम फायनान्स या कंपनीने नेमकी ही जागा धरली. टीव्हीएस घराण्यातल्या टी. एस. संथानम यांनी ती काढली. ती आज सत्तरी ओलांडून उभी आहे, आणि तिच्या मागून निघालेल्या शेकडो हप्ता-कंपन्यांची नावेही कोणाला आठवत नाहीत. असे का झाले, याची तीन उत्तरे सर्रास दिली जातात. पहिले, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी कंपनीच्याच मालकीची असते, मग तिला भीती कसली? दुसरे, सगळा करांचा खेळ आहे. तिसरे उत्तर ट्रकमालकांच्या तोंडचे : हप्ता थकला की माणसे येतात आणि गाडी ओढून नेतात. तिन्हींत तथ्य आहे, पण तिन्ही मिळूनही टिकण्याचे कारण सांगत नाहीत. माझ्या मते ही कंपनी आणि तिच्यासारख्या मोजक्या इतर कंपन्या टिकल्या, कारण गाडी काय कमावते आणि ती चालवणारा माणूस कोण आहे, हे त्यांना बँकांपेक्षा आधी आणि अधिक नीट कळले. मालकी, कर आणि जप्ती या गोष्टी त्या ज्ञानाभोवतीची टरफले होती, आणि पुढे एकेक टरफल गळून पडल्यावरही आतला धंदा चालू राहिला.

पन्नाशीच्या दशकातली बँक कोणाला कर्ज देत असे, ते आधी पाहायला हवे. गोदामात माल असलेल्या व्यापाऱ्याला, हुंडी वटवणाऱ्याला, ताळेबंद दाखवू शकणाऱ्या गिरणीला. एका ट्रकचा मालक होऊ पाहणारा माणूस यातल्या कशातच बसत नव्हता. तो बहुधा कालपर्यंत दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर असे. त्याच्याजवळ थोडी शिल्लक, घरातले दागिने आणि रस्त्याची माहिती एवढेच भांडवल. भारतातली मालवाहतूक आजही मोठ्या प्रमाणावर एक-दोन किंवा पाच-सात गाड्यांच्या मालकांच्या हातात आहे, तेव्हा तर ती जवळजवळ पूर्णच तशी होती. या माणसाला कर्ज द्यायचे तर त्याच्या मालमत्तेची चौकशी करून फारसे काही हाती लागत नाही. विचारायचे प्रश्न वेगळे असतात. कोणत्या मार्गावर गाडी चालणार, जाताना माल मिळतो तसा परतीचा मिळतो का, कोणता ट्रान्सपोर्टवाला त्याला काम देणार, परमिट कुठपर्यंतचे आहे, जामीन कोण राहणार, आणि या मॉडेलला तीन वर्षांनी बाजारात काय भाव येईल. टीव्हीएस घराणे १९११ पासून मोटार-वाहतुकीच्या धंद्यात होते. बसगाड्या चालवणे, गाड्या आणि सुटे भाग विकणे, दुरुस्ती करणे हे सारे त्यांनी केलेले होते. घराण्याचा मोटार-विम्याचाही व्यवसाय होता. टायरचा खर्च कोणत्या महिन्यात अंगावर येतो, इंजिनाचे काम कधी निघते, पावसाळ्यात फेऱ्या किती कमी होतात, हे ज्यांना गॅरेजमधून माहीत होते त्यांनी हप्ता ठरवला. हप्ता गाडीच्या कमाईतून फिटला पाहिजे, माणसाच्या आधीच्या संपत्तीतून नव्हे, हे या धंद्याचे मूळ सूत्र. बँकेतल्या अधिकाऱ्याला ते कळत नव्हते असे नाही. कळून घेण्याची त्याला गरज वाटली नव्हती, इतकेच.

आता मालकीचा मुद्दा. गाडी कंपनीची, गिऱ्हाइकाने ती भाड्याने घ्यायची, आणि सगळी भाडी भरल्यावर नाममात्र रकमेत ती आपली करून घ्यायची, ही भाडे-खरेदीची रचना आपण इंग्लंडमधून उचलली. तिकडे तिची सुरुवात मोटारींच्या पुष्कळ आधी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोळसा-खाणवाल्यांना रेल्वेच्या वाघिणी हप्त्यांवर पुरवण्यासाठी वॅगन कंपन्या निघाल्या, आणि त्यांतलीच नॉर्थ सेंट्रल वॅगन ही १८६१ ची कंपनी पुढच्या शतकात मोटारींना पैसे पुरवू लागली. पण या रचनेला कायद्याचे बळ मिळाले ते एका पियानोमुळे. एका गिऱ्हाइकाने महिना साडेदहा शिलिंगप्रमाणे छत्तीस हप्त्यांवर पियानो घेतला आणि मधेच तो सावकाराकडे गहाण टाकला. पियानो कोणाचा, हा वाद लॉर्ड्सच्या सभागृहापर्यंत गेला. १८९५ मध्ये निकाल लागला की गिऱ्हाइकावर खरेदीचे बंधन नव्हते, पियानो केव्हाही परत करायची त्याला मुभा होती, म्हणून तो खरेदीदार ठरत नाही, आणि दुकानदाराची मालकी अबाधित आहे. दोनच वर्षे आधी एका खटल्यात उलटा निकाल लागला होता, कारण तिथल्या करारात खरेदीची सक्ती होती. एका कलमाच्या फरकाने पैसे बुडतात किंवा वाचतात हे वकिलांनी ओळखले, आणि तेव्हापासून साऱ्या करारांत 'परत करण्याची मुभा' दिसू लागली. ती मुभा वापरणारे गिऱ्हाईक विरळाच. ट्रक घेणारा माणूस तो परत करायला घेत नाही. करारातली भाडेकरूची भूमिका दोन्ही पक्षांनी कागदापुरती वठवायची होती, आणि दोघांनाही ते ठाऊक होते.

हे ठाऊक असणे एकदा सर्वोच्च न्यायालयात चव्हाट्यावर आले, आणि माझ्या म्हणण्याचा सर्वांत पक्का पुरावा तिथेच आहे. केरळ सरकारने सुंदरम फायनान्सकडे विक्रीकर मागितला. सरकारचे म्हणणे सरळ होते : गाडी तुमच्या मालकीची आहे असे तुमचाच करार सांगतो, हप्ते फिटल्यावर ती गिऱ्हाइकाकडे जाते, मग ही विक्रीच झाली, कर भरा. कंपनीने उत्तर दिले की आम्ही विक्रेते नाहीच. गिऱ्हाईक डीलरकडून आधीच गाडी घेते, किमतीतला कमी पडणारा भाग आम्ही देतो, आणि त्या पैशांची सुरक्षितता म्हणून गाडी कागदोपत्री आमच्या नावाने लिहून घेतो. हे कर्ज आहे. १९६५ मध्ये न्यायालयाने बहुमताने कंपनीचे म्हणणे मान्य केले. व्यवहाराचे नाव काहीही असो, त्याचा गाभा पैसे उसने देण्याचा आहे, आणि करारातली मालकी म्हणजे हप्ते थकल्यास गाडी ताब्यात घेण्याची सोय, असे ठरले. थोडक्यात, मालकीवर आपला धंदा उभा आहे असे जिच्याबद्दल सगळे समजत होते, त्या कंपनीनेच भर न्यायालयात सांगितले की ती मालकी नावापुरती आहे. कर वाचवण्यासाठी सोयीचा पवित्रा घेतला, असा आक्षेप इथे येईल. तो खराच आहे. पण सोयीचा म्हणून तो खोटा ठरत नाही. गिऱ्हाइकाने डीलरला दिलेली सुरुवातीची रक्कम, गिऱ्हाइकाच्या नावाची नोंदणी, त्यानेच भरलेला विमा आणि रस्ताकर, ही वस्तुस्थिती करार लिहिणाऱ्याने बनवलेली नव्हती. गंमत अशी की प्राप्तिकर खात्याने हे स्वातंत्र्याच्याही आधी ओळखले होते. भाडे-खरेदीत घसारा गाडी वापरणाऱ्याला द्यावा, कागदावरच्या मालकाला नव्हे, असे १९४३ चे परिपत्रक होते.

राज्यांचा कर बुडाला तो कायमचा नाही. १९८२ ची शेहेचाळिसावी घटनादुरुस्ती आली आणि भाडे-खरेदीने माल सोपवणे ही करापुरती 'विक्री' ठरली. न्यायालयाने जे नाही म्हटले, ते घटनेत लिहून हो करून घेतले. परिणाम असा की कंपन्या हळूहळू भाडे-खरेदीचा अंगरखा उतरवून सरळ कर्ज आणि गाडीचे तारणगहाण या रूपात आल्या. आता गाडी पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाची. आरसी बुकावर फक्त कंपनीचा बोजा चढतो आणि हप्ते फिटले की ना-हरकत पत्र घेऊन आरटीओत तो उतरवायचा. बोलण्यात मात्र अजून 'एचपी' (हायर-पर्चेस, म्हणजे भाडे-खरेदी) चढवली, 'एचपी' उतरवली असेच चालते. मालकीच या धंद्याचा कणा असती, तर ती सोडताच तो कोसळायला हवा होता. तसे काही झाले नाही. उलट कर्ज हे नाव घेतल्यावर राज्यांचे सावकारी कायदे लागू होतात की काय, हा नवा प्रश्न उभा राहिला. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या कंपन्यांना राज्यांचा सावकारी कायदा लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले, म्हणजे पहिल्या खटल्यानंतर छप्पन्नहून अधिक वर्षांनी.

या सगळ्यात गिऱ्हाइकाचे काय, हा प्रश्न टाळता येणार नाही, आणि इथे या कंपन्यांची बाजू कमकुवत आहे. हप्त्याच्या धंद्यात वर्षानुवर्षे व्याज 'फ्लॅट' दराने सांगितले गेले. एक लाख रुपये, तीन वर्षे, दर दहा टक्के फ्लॅट. व्याज झाले तीस हजार. एकूण एक लाख तीस हजार भागिले छत्तीस, हप्ता ३,६११ रुपये. दहा टक्के ऐकायला बरे वाटतात. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असते आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर तीन वर्षे घेतलेले असते. शिल्लक मुद्दलावर हिशेब केला तर खरा दर जवळजवळ अठरा टक्के निघतो. ज्याला गुणाकार-भागाकार येतो त्यालाही हे चटकन दिसत नाही, आणि न दिसणे हाच त्या पद्धतीचा फायदा होता. हे उघड करायला लावणारा कायदा आपल्याकडे झाला होता. १९७२ च्या भाडे-खरेदी कायद्यात रोखीची किंमत आणि हप्त्याची किंमत दोन्ही करारात लिहिण्याची सक्ती होती, आणि ठराविक हिस्सा फिटल्यावर न्यायालयाच्या परवानगीशिवाय वस्तू उचलून नेण्यास मनाई होती. इंग्लंडमध्ये एलन विल्किन्सन या मजूर पक्षाच्या खासदार बाईंनी १९३८ मध्येच असा कायदा करून घेतला होता. तिथे एक तृतीयांश रक्कम फिटली की दुकानदाराला परस्पर वस्तू नेता येत नसे. (मोटारींसाठी मात्र त्या कायद्याची मर्यादा पन्नास पौंड, आणि गुराढोरांसाठी पाचशे. म्हणजे मोटारवाल्यापेक्षा गाय घेणारा अधिक सुरक्षित.) आपला कायदा संसदेने केला, अंमलाची तारीख ठरली, ती पुढे ढकलली, आणि मग अंमल झालाच नाही. तेहतीस वर्षे तो कागदावर राहिला आणि २००५ मध्ये रद्द झाला. लहान ट्रकमालकाच्या हिताचे एवढे साधे कलम इतकी वर्षे कोणाला अडचणीचे वाटले असेल, याचा तर्क वाचकाने करावा.

मग जप्तीचे उत्तर बरोबर ठरत नाही का? कायद्याचा अडसर नाही, माणसे हाताशी आहेत, गाडी रस्त्यावर उभी आहे. भाडे-खरेदीच्या करारानुसार मालकाने थकबाकीदाराची गाडी ताब्यात घेतली तर ती चोरी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये म्हटलेही. आणि पुढे २००७ मध्ये त्याच न्यायालयाने एका मोठ्या खासगी बँकेला वसुलीसाठी गुंड वापरल्याबद्दल खडसावले. दहशतीची वसुली झालेली आहे, होते, आणि तिचे समर्थन करता येत नाही. पण तिच्यावर धंदा टिकतो का, हे हिशेबाने पाहावे. ओढून आणलेला ट्रक यार्डात उभा राहतो. त्या दिवसापासून त्याची कमाई शून्य. बॅटरी उतरते, टायर कडक होतात, परमिटची आणि तंदुरुस्ती प्रमाणपत्राची मुदत संपत येते, यार्डाचे भाडे चढते, आणि लिलावाला येणाऱ्याला ठाऊक असते की विकणारा गरजू आहे. गाडी चालू असती तर उशिरा का होईना जे हप्ते आले असते, त्यापेक्षा लिलावात बहुतेक वेळा कमी मिळते. म्हणून जाणती कंपनी गाडी उचलण्याआधी माणसाला गाठते : भाडे मिळत नाही का, आजारपण आहे का, इंजिन बसले आहे का. दोन महिने थांबायचे की आजच गाडी घ्यायची, हे त्या उत्तरावर ठरते. असा निर्णय घ्यायला वसुली करणारा माणूस त्या तालुक्यातला असावा लागतो. सतत जप्तीच करावी लागणारी कंपनी म्हणजे सुरुवातीलाच चुकीच्या माणसांना पैसे दिलेली कंपनी.

कराचे उत्तर तपासायला १९८० आणि १९९० ची दशके चांगली आहेत. भारतातली पहिली लीजिंग कंपनी १९७३ मध्ये निघाली तीही मद्रासमध्येच. लीजमध्ये घसारा भाड्याने देणाऱ्याला मिळतो, त्यामुळे नफा कमवणाऱ्या उद्योगांना कर वाचवण्याचा सोपा रस्ता सापडला. मग काय, वित्तकंपन्यांचे पीक आले. लोकांकडून चढ्या व्याजाने ठेवी घ्यायच्या, यंत्रे आणि गाड्या कागदोपत्री भाड्याने द्यायच्या, घसारा खायचा, आणि उरलेला पैसा शेअर बाजारात किंवा जमिनींत. घोडे कसे दौडते हे न पाहता खोगिराचाच व्यापार करावा, तसा हा प्रकार होता. १९९७ मध्ये सीआरबी कॅपिटल मार्केट्स ही कंपनी कोसळली आणि ठेवीदारांत घबराट पसरली. त्याच वर्षी कायदा बदलून अशा सर्व कंपन्यांना रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी सक्तीची झाली, किमान निधीची अट आली, आणि हजारो कंपन्या चाळणीतून गळाल्या. कराच्या सोयीवर जगलेले त्यात गेले. सुंदरम फायनान्सकडे लोक ठेवी ठेवतच राहिले, त्याही इतरांपेक्षा कमी व्याजावर, कारण तिचा पैसा चालत्या गाड्यांत गुंतलेला होता आणि त्या गाड्यांचे हप्ते येत होते. दोन प्रकारच्या कंपन्या एकाच कायद्याखाली, एकाच दशकात काम करत होत्या; वाचल्या त्या धंदा जाणणाऱ्या.

तरीही माझ्या मुद्द्यावर एक गंभीर आक्षेप उरतो, आणि तो खासगी मोटारीकडून येतो. गाडीची कमाई ओळखणे हेच सामर्थ्य असेल, तर न कमावणाऱ्या मारुतीला हप्ते कोणी पुरवले? मुंबईतल्या कोटक महिंद्रने १९९० मध्ये मोटारींना पैसे देणारा विभाग काढला. तेव्हा मारुतीसाठी रांग होती. कोटक महिंद्रने आधीच स्वतः गाड्या बुक करून ठेवल्या आणि आमच्याकडून कर्ज घ्याल तर गाडी लगेच, असा सौदा केला. हे हुशारीचे होते, पण त्यात गाडीच्या कमाईचा प्रश्नच नव्हता, टंचाईचा होता. टंचाई संपली तशी ती हुशारीही संपली. दरम्यान १९८९ पासून न वटलेला धनादेश हा गुन्हा ठरला होता, त्यामुळे पगारदाराकडून पुढच्या तारखांचे छत्तीस धनादेश घेऊन ठेवणे ही चांगलीच हमी झाली. पगाराची पावती आणि धनादेश एवढ्यावर मोटारीचे कर्ज देता येऊ लागल्यावर तिथे माणूस ओळखण्याची गरज उरली नाही. जिंकणार तो, ज्याच्याकडे पैसा स्वस्त. बचत खात्यांतला पैसा बँकांकडे होता. नोकरदाराच्या मोटारीचा बाजार बहुतांशी त्यांनी घेतला. कोटक महिंद्र स्वतःच २००३ मध्ये बँक झाली, हे या ओघाला धरूनच झाले. ट्रकचा, त्यातही जुन्या ट्रकचा बाजार मात्र बँकांना तसा घेता आला नाही. मालकी, कर किंवा जप्ती यांत या कंपन्यांचे बळ असते, तर ते कार आणि ट्रक दोन्हींत सारखे टिकले असते किंवा सारखे गेले असते. गेले ते एकीकडेच, आणि जिथे पगाराची पावती नसते तिथे राहिले.

मद्रासमध्येच १९७९ मध्ये निघालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्सने हे टोकाला नेले. आर. त्यागराजन यांच्या या कंपनीने सात-आठ वर्षे वापरलेला ट्रक घेणाऱ्या ड्रायव्हरला पैसे दिले. जुन्या ट्रकची किंमत कोणत्याही छापील यादीत नसते. ती दलालाच्या आणि मिस्त्रीच्या डोळ्यांत असते, आणि कंपनीला तो डोळा विकत घ्यावा किंवा घडवावा लागला. महाराष्ट्रातही हीच वाट दोघांनी आपापल्या परीने धरली. पुण्याला १९८७ मध्ये बजाज ऑटो फायनान्स सुरू झाली ती दुचाकी-तिचाकीच्या गिऱ्हाइकासाठी. महिंद्रची वित्तकंपनी १९९१ मध्ये मुंबईत नोंदली गेली, आणि जीप व ट्रॅक्टर यांच्या मागोमाग खेड्यांत पोचली. ट्रॅक्टरच्या कर्जात हप्ता दर महिन्याला मागून उपयोग नसतो, तो पीक हातात येते तेव्हा मागावा लागतो. विदर्भात कापूस आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊस यांचे पैसे वेगवेगळ्या महिन्यांत येतात, हे हप्त्याच्या तक्त्यात उतरवावे लागते. टायरचा खर्च ओळखून हप्ता बांधण्याचीच ही शेतीतली आवृत्ती.

या ज्ञानाची परीक्षा आता नव्या बाजूने होते आहे. फास्टॅगच्या नोंदी, जीएसटीची बिले, पतगुण आणि गाडीत बसवलेले यंत्र यांवरून ट्रक किती चालला हे दूर बसूनही कळते, त्यामुळे तालुक्यातल्या माणसाच्या माहितीची किंमत काही प्रमाणात उतरणारच. दुसरीकडे विजेवर चालणारी रिक्षा किंवा टेम्पो आला, की जाणत्या कंपनीचाही हात आखडतो. डिझेलचा टेम्पो पाच वर्षांनी कितीला जाईल हे बाजारात कोणीही सांगेल. बॅटरीवरच्या टेम्पोची किंमत मुख्यतः बॅटरीत असते, आणि वापरलेल्या बॅटरीचा भाव सांगणारा दलाल अजून तयार व्हायचा आहे. तोपर्यंत सुरुवातीची रक्कम जास्त, मुदत कमी आणि व्याज चढे, असाच करार त्या गाडीच्या वाट्याला येतो, आणि तो न परवडणारा रिक्षावाला पुन्हा डिझेलच्या किंवा सीएनजीच्या गाडीकडे वळतो.